‘सध्या कोणती औषधे घेता?’

डिसेंबर २०२३ मध्ये दुबई येथे भगिनीकडे गेलो असता प्रस्तुत लेखकाने तेरा हजार फुटांवरून, विमानाच्या उघड्या दारातून, उडी मारली. वयाच्या पंचेचाळिशीत, उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये अठरा वर्षे चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याने असे काही करावे का, हा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारून झालेला आहे व त्याचे उत्तर मजपाशी नाही. वैद्यांच्या त्रैमासिकात त्या उडीचे वर्णन वाचावयास मिळणार म्हणून कपाळाला आठ्या घालणाऱ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगतो की, उडी मिनिटभराची होती आणि लेख त्या उडीपूर्वी भरावयाच्या एका कागदाविषयी आहे.

निमित्त वृत्तपत्रातील एका बातमीचे झाले. पुण्याच्या शीतल महाजन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्ट शिखरासमोर साडेएकवीस हजार फुटांवरून उडी घेतल्याचे वृत्त वाचले होते. या बाईंचे नाव आपणास परिचित असेलच. एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर, उणे सदतीस अंश तापमानात, त्यांनी जी उडी मारली ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. २००६ मध्ये दक्षिण ध्रुव झाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पटाया येथे त्यांनी नऊवारी लुगडे नेसून उडी मारली. ही बातमी मी भाचेमंडळींसमोर जरा अधिक कौतुकाने सांगितली आणि फसलो. ‘मामा, कौतुक कसले करता, इथे समुद्राकाठीच सोय आहे,’ असे म्हणून भाच्याने परस्पर नोंदणी केली, पैसे भरले आणि माझे वजन ८४ किलो म्हणून कळवूनही टाकले.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. नवख्याने एकट्याने उडी मारावयाची नसते. अनुभवी प्रशिक्षकाच्या छातीशी, पट्ट्यांनी चार ठिकाणी अडकवून, दोघांनी मिळून एकाच छत्रीने उतरावयाचे. या जोड-उडीची साधने अमेरिकेत बिल बूथ व टेड स्ट्राँग या दोघांनी १९८३-८४ च्या सुमारास विकसित केली आणि तेथील विमानवाहतूक प्रशासनाने ती बरीच वर्षे केवळ प्रायोगिक म्हणून चालू दिली. नियमित मान्यता मिळण्यास २००१ साल उजाडले. दोघांचे एकत्रित वजन एका माणसापेक्षा वेगाने खाली येते म्हणून उडी मारताच एक लहान छत्री मागे सोडतात व वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर आवरून धरतात. मुख्य छत्री साधारण पाच हजार फुटांवर उघडते, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही किंचित खाली. ती न उघडल्यास पाठीवर दुसरी राखीव छत्री असते. आणि ती ओढण्याचेही कोणास भान राहिले नाही तर ठरावीक उंचीवर स्वतःहून ती उघडणारे यंत्र असते. राखीव छत्रीची घडी अधिकृत कारागिरानेच घालावयाची, तिला मोहोर लावावयाची आणि घडी कधी घातली याची नोंद सोबत ठेवावयाची असा शिरस्ता आहे.

ठरल्या दिवशी नोंदणीच्या मेजापाशी गेलो. तेथील केरळी मुलीने प्रथम वजनकाट्यावर उभे केले. काट्याने ८८ दाखविले. भाच्याने कळविलेला आकडा तिने माझ्यादेखत खोडला आणि नवा लिहिला. त्यानंतर तिने कागद पुढे केला. हृदयविकार आहे काय, रक्तदाब आहे काय, फिट्स येतात काय, मान-पाठ-खांद्यास पूर्वी इजा झाली आहे काय, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे काय, सर्दी किंवा कानाचा त्रास आहे काय, गेल्या चोवीस तासांत पाणबुड्यासारखे खोल समुद्रात उतरला होता काय. आणि शेवटी, सध्या कोणती औषधे घेता?

प्रत्येक चौकटीत मी ‘नाही’ अशी खूण केली व सही ठोकली. त्या दिवशी वारा वाढल्यामुळे पुढील सर्व उड्या रद्द झाल्या व मला तिसऱ्या दिवसाची वेळ मिळाली. वारा वाढला नसता तर हा लेख लिहिला गेला नसता.

रात्री जेवणानंतर नित्याप्रमाणे गोळी घेत होतो. भाचा समोर बसला होता.

‘मामा, ही कसली गोळी?’

‘बीपीची.’

‘मग सकाळी त्या कागदावर लिहिली नाहीत?’

‘अरे, ती आयुर्वेदिक आहे.’

हे वाक्य माझ्या तोंडून गेले आणि घास घशात अडकावा तसे झाले. अठरा वर्षे हेच वाक्य मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूने ऐकत आलो आहे. लालचक्कीचा दुकानदार असो वा मराठा सेक्शनमधील गृहिणी, ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ असे विचारले की रुग्ण ‘नाही’ म्हणतो, आणि पिशवीतून कोणते तरी चूर्ण निघाले की म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, ते आयुर्वेदिक आहे, औषध थोडेच!’ त्यावर आपण हसतो. कित्येकदा त्यालाच वैद्यकीय निरक्षरता म्हणून नावे ठेवतो. आणि येथे पदवीधर, नोंदणीकृत वैद्य, दोन वर्षे रोज रात्री सर्पगंधेची गोळी घेणारा, ‘औषधे नाहीत’ व ‘रक्तदाब नाही’ या दोन्ही विधानांखाली शुद्धीवर असताना सही करून आलेला.

येथे सर्पगंधेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. ही वनस्पती औषध आहे की नाही याबद्दल जगात अन्य कोणासही शंका नाही, ती केवळ आपल्याच मनात असावी. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील तिचा उपयोग प्रसिद्ध केला. आपल्याच मुंबईतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपली निरीक्षणे मांडली आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले व पुढे काही काळ ते रक्तदाबावरील प्रमुख औषधांपैकी एक होते. पुढे मागे पडले ते त्याच्या परिणामांमुळे: मन खिन्न होणे, नाडी मंद होणे, उभे राहताच भोवळ येणे आणि नाक चोंदणे. हे सारे द्रव्यगुणाच्या पहिल्या वर्षांत मी पाठ केले होते व परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते.

त्या रात्री डबी हातात घेऊन, परदेशात, चाळिशीचा चष्मा लावून, तिच्यावरील घटकद्रव्यांची यादी आयुष्यात प्रथमच वाचावयास बसलो. वाचावयास बसलो म्हणजे प्रथम नखाने खरवडावयास बसलो, कारण यादीवर नेमकी किमतीची चिठ्ठी चिकटविलेली होती. आपणास ठाऊक आहे की सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात खुरासानी ओवा, जटामांसी, पिंपळमूळ यांसह भांगही आहे. भांगेच्या बाबतीत अमिरातीचा कायदा किती कठोर आहे हे वेगळे सांगावयास नको. मी ती डबी कोणतीही चिठ्ठी अथवा प्रिस्क्रिप्शन जवळ न ठेवता सामानातून नेली होती. सुदैवाने माझी गोळी एकट्या सर्पगंधेची निघाली, तरी ती खात्री पटेपर्यंतची दहा मिनिटे मला पुढच्या उडीपेक्षा अधिक जड गेली. आपले रुग्ण आखातात, अमेरिकेत मुलांकडे जातात तेव्हा आपण त्यांस तीन-तीन महिन्यांच्या पुड्या बांधून देतो. त्यांत काय आहे हे त्यांना ठाऊक नसते आणि विमानतळावर कोणी विचारले तर त्यांनी काय सांगावे?

दुसऱ्या दिवशी दूरध्वनी करून चूक कळविली. तेथून उत्तर आले की डॉक्टरांचे पत्र आणावे लागेल. मी स्वतः वैद्य असल्याचे सांगितले. त्यावर अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले की स्वतःचे पत्र स्वतःस चालणार नाही. क्षणभर राग आला. आपल्याकडे हा प्रसंग उद्भवताच ना!

भगिनीच्या घराजवळच्या चिकित्सालयात मूळचे हैदराबादचे एक डॉक्टर होते. त्यांनी बसवून रक्तदाब पाहिला, उभे करून पाहिला, नाडी मोजली (अठ्ठावन्न भरली), कानात दुर्बीण घालून पडदा पाहिला व नाक दाबून फुंकर मारावयास लावून पुन्हा पाहिला. मग विचारले, ‘नाक चोंदते का?’ गेले सात-आठ महिने चोंदतच होते. त्याचे खापर मी कधी वालधुनीच्या दुर्गंधीवर, कधी रस्त्याच्या धुळीवर, तर कधी वातानुकूलन यंत्रावर फोडले होते. स्वतःला नस्य दिले होते, हरिद्राखंड घेतला होता, आणि रोज रात्री त्याच्या कारणाची गोळी नेमाने गिळत होतो. त्या डॉक्टरांना सर्पगंधा हे नाव ठाऊक नव्हते, पण रेसर्पिन म्हणताच त्यांनी मान हलविली. ते म्हणाले, उंचावरून वेगाने खाली येताना नाक मोकळे नसेल तर कानाच्या आतील व बाहेरील दाब सारखा होत नाही. दुखेल, क्वचित पडद्यास इजाही होईल. पडदा हालतो आहे, तेव्हा परवानगी देतो, मात्र छत्री उघडल्यानंतर वारंवार नाक दाबून फुंकर मारावयाची. तपासणीस पंचवीस मिनिटे लागली. मी चिकित्सालयात बसून किती प्रमाणपत्रांना पंचवीस मिनिटे दिली, याचा हिशेब परतीच्या वाटेवर करीत होतो. एकाही नाही.

उडीविषयी आता थोडे. विमान लहान, दोन पंख्यांचे. वर जाण्यास वीस मिनिटांच्या आसपास लागली असावीत. तेरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ-बासष्ट टक्के उरतो आणि जमिनीपेक्षा तापमान पंचवीस अंशांनी उतरलेले असते. मुखशोष, हातपाय गार, वारंवार मूत्रवेगाची जाणीव, हृद्द्रव ही सर्व लक्षणे दार उघडण्यापूर्वीच भरात होती. भयाने वायू कसा खवळतो याचे जिवंत प्रात्यक्षिकच ते. दार उघडले, पाय बाहेर लोंबकळले आणि मागच्या माणसाने तोल सोडला. पाळण्यात पोटात खड्डा पडतो तसे काही होत नाही, कारण विमानाचा पुढचा वेग अंगात असतोच. केवळ वाऱ्याचा प्रचंड आवाज होतो. श्वास आत घेतला जातो पण सोडावयाचा विसर पडतो. प्रशिक्षकाने खांद्यावर थोपटून ओरडावयास सांगितले होते त्याचे कारण तेव्हा कळले. ओरडले की श्वास सुटतो. मिनिटभराने झटका बसला, छत्री उघडली आणि एकाएकी इतकी शांतता झाली की त्याचा संथ आवाज कानाशी ऐकू आला, ‘नाक, साहेब, नाक.’ मी नाक दाबले. उजवा कान उघडला, डावा उघडला नाही. तो दुसऱ्या दिवशी सायंकाळी उघडला. समुद्रात ताडाच्या आकाराचे बेट आहे, ते वरून फार सुंदर दिसते असे म्हणतात. मी डाव्या कानाकडे लक्ष देत होतो.

परत आल्यावर एका व्यवसायबंधूंनी ‘आकाशपतन व वातदोष’ असा शोधनिबंध लिहा म्हणून सुचविले. क्षमस्व. एका माणसाचे एक मिनिट हा शोधनिबंधाचा विषय नव्हे, आणि प्रत्येक नव्या गोष्टीला दोषांचे नाव देऊन ती आपल्याला आधीच ठाऊक होती असे म्हणण्याची आपली सवय मला फारशी भूषणावह वाटत नाही.

मात्र ‘साहस’ या शब्दाबद्दल चरकाकडे पुन्हा वळावेसे वाटले. शोषाच्या चार कारणांत साहस पहिले आहे, हे आपण सर्व जाणतो. निदानस्थानातील त्याची उदाहरणे पाहावीत: बलवानाशी झुंजणारा दुर्बळ, न पेलणारे धनुष्य ओढणारा, अति भार वाहणारा, फार दूरवर पोहत जाणारा, लांबचा पल्ला धावत काटणारा. यांपैकी एकही कृती मुळात निषिद्ध नाही. निषिद्ध आहे ती बलाचे माप न घेता केलेली कृती. सूत्रस्थानात धारणीय वेग सांगतानाही साहसाला ‘अशस्त’ असे विशेषण जोडलेले आहे, ते निष्कारण नसावे. उंचीवरून साहस ठरत नाही. ८८ किलोच्या माणसाने ८४ लिहिणे, औषध चालू असताना ‘नाही’ लिहिणे, हे माझे अशस्त साहस होते आणि ते मी जमिनीवर, पंख्याखाली बसून केले होते.

विमानस्थानातील दशविध परीक्षा आपण अंतिम वर्षात लिहितो. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती, वय. त्या मेजावरील मुलीने प्रमाण काट्यावर घेतले, वय ओळखपत्रावरून घेतले, विकृती लेखी विचारली. प्रशिक्षकाने विमानात चढण्यापूर्वी माझ्या डोळ्यांत पाहत दहा मिनिटे गप्पा मारल्या, ती सत्त्वपरीक्षाच होती. ती करताना मला ती कळलीही नाही. त्यांच्यापैकी कोणीही चरक वाचलेला नसावा. माझ्या चिकित्सालयातील केसपेपरवर त्या काळी नाव, वय, तक्रार व ‘यथापूर्व’ एवढेच असे.

या ‘यथापूर्व’ शब्दाची एक जुनी कहाणी आहे. ती मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही. २०१२ च्या मे महिन्यात एका व्यापारी गृहस्थाने हिमालयातील पदभ्रमणासाठी ‘फिटनेस’ मागितले. वय पन्नाशीचे, जुना रुग्ण, मधुमेह माझ्याकडे. सायंकाळची गर्दी होती. रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावली, सही-शिक्का केला. चौथ्या दिवशी रात्री दूरध्वनी आला. वाटेत ते असंबद्ध बोलू लागले, घामाघूम झाले, खाली बसले. सोबतच्या जाणत्या माणसाने तोंडात साखर भरली म्हणून निभावले. तळावरील डॉक्टर मला विचारीत होते, ‘याला काय काय चालू आहे?’ मी माझे गुडमारयुक्त चूर्ण सांगितले. पण त्या पुडीत त्या महिन्यात मी नेमके आणखी काय घातले होते हे मला आठवेना. मुलाला चिकित्सालयात पाठवून कागद काढविला. त्यावर ‘यथापूर्व, पंधरा दिवस’ असे माझेच अक्षर होते. मागचा कागद काढविला, त्यावरही यथापूर्व. पुढे कळले की अन्यत्र दाखवून ते साखर उतरविणारी आधुनिक गोळीही घेत होते, आणि शिवाय बाजारातून जांभूळबीचे चूर्ण. मला त्यांनी हे सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. त्या गृहस्थाने मला कधी दोष दिला नाही. परतल्यावर मिठाईचा पुडा घेऊन आले, म्हणाले, ‘वैद्यजी, तुमचेच औषध होते म्हणून वाचलो.’ तो पुडा मी घेतला. हे अकरा वर्षे मनात होते आणि दुबईतील त्या रात्री डबीवरची चिठ्ठी खरवडताना वर आले.

आता माझे म्हणणे. आपल्या औषधांना कोणताही दुष्परिणाम नाही असे आपण रुग्णास सांगतो, तेव्हा ती औषधेच नव्हेत असे तो समजतो. हे तर्कशास्त्र त्याचे नाही, ते आपण त्यास शिकविले आहे. जे काही करू शकत नाही तेच निरुपद्रवी असते. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांनी रोग हटतो असेही म्हणावयाचे आणि त्यांची नोंद कोणत्याही कागदावर नको असेही म्हणावयाचे, हे जुळत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ ‘औषधे चालू आहेत का’ विचारतो तेव्हा आपला रुग्ण ‘नाही’ म्हणतो. त्या ‘नाही’ची जबाबदारी कोणाची?

यावरील आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते माझेच होते. पुडीवर नाव लिहिले तर रुग्ण दुसऱ्यांदा येणार नाही, थेट औषधालयात जाईल. पलीकडच्या गल्लीतील वैद्य योग उचलेल. गुरुजींनी दिलेला पाठ उघडा पडेल. यातील पहिला आक्षेप खरा आहे व पोटाशी निगडित आहे, त्याची थट्टा करू नये. कॅम्प ४ मध्ये एका फर्लांगात किती चिकित्सालये आहेत हे आपण जाणता. दुसरा आक्षेप फारसा खरा नाही, पलीकडच्या गल्लीतील वैद्यास आपला योग बहुधा ठाऊकच असतो. तिसऱ्याविषयी एवढेच म्हणेन की, गुरुजींचा पाठ गुप्त राखण्याइतका मोलाचा असेल तर रुग्ण बेशुद्ध असताना तो कोणाला तरी ठाऊक असणे अधिक मोलाचे आहे. नाव रुग्णाच्या हाती द्यावयाचे नसेल तर निदान आपल्या कागदावर पूर्ण लिहून ठेवावे, आणि पुडीवर चिकित्सालयाचे नाव, दिनांक व दूरध्वनी क्रमांक तरी असावा.

औषधालयाच्या मालकांनाही या निमित्ताने विनंती आहे. कायद्याने आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यांची यादी आवश्यक केली आहे आणि ‘ई-१’ परिशिष्टातील विषद्रव्ये असणाऱ्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदीत छापावी लागते. उत्पादक ती छापतो. मग आपल्या मांडणीत ती झाकली जाते. विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही ही सोय आहे, पण त्यामुळेच काउंटरवरील मुलगा त्रिभुवनकीर्ती चण्या-फुटाण्यासारखी काढून देतो. त्यात वत्सनाभ आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. गिऱ्हाईकाला ‘आणखी काय घेता?’ एवढे विचारण्यास त्यास शिकविले, तर खप किती घटेल हे मला सांगता येत नाही. थोडा घटेल, असे धरून चालावे.

प्रमाणपत्रांबाबत मी अधिक कठोर मताचा झालो आहे. शाळेच्या सहलीपासून सह्याद्रीतील पदभ्रमणापर्यंत आपल्या सहीने माणसे डोंगर चढतात. प्रशिक्षकाच्या बाबतीत गोष्ट सोपी होती: त्याने माझे माप चुकीचे घेतले असते तर तोही माझ्यासोबत त्याच पट्ट्यांत खाली आला असता. आपण सही करून पुढच्या रुग्णाला हाक मारतो. ज्याला तपासण्यास वेळ नाही त्याने नाही म्हणावे. नाही म्हटल्याने जे वीस-पन्नास रुपये जातात व जो माणूस रागावून जातो, तो शेजारी जाऊन प्रमाणपत्र आणील हेही मला ठाऊक आहे. आणू द्यावे. आयुष मंत्रालयाच्या औषधसुरक्षा-निरीक्षण योजनेत दुष्परिणाम कळविण्याची सोय गेली कित्येक वर्षे आहे. माझ्या नाकाची नोंद मी तेथे पाठविली. आपल्यापैकी किती जणांनी आजवर एक तरी नोंद पाठविली आहे, हे एखाद्या सभेत हात वर करून विचारावे अशी संघटनेस सूचना करतो.

सर्पगंधा मी सोडली आहे. रक्तदाबाची चिकित्सा आता माझी मी करीत नाही, डोंबिवलीचे एक ज्येष्ठ वैद्य करतात व कागद त्यांच्याकडे असतो. नाक तीन आठवड्यांत मोकळे झाले. चिकित्सालयातील केसपेपर नवे छापून घेतले आहेत. पहिल्याच ओळीत, तक्रारीच्याही आधी, घरी असलेल्या सर्व गोळ्या, चूर्णे, काढे, मलमे व तेले आणून दाखवावीत असे लिहिले आहे. रुग्ण पिशव्या भरभरून आणतात, त्यामुळे दुपारचे दीड वाजतात. पुड्यांवर नाव घालू लागल्यापासून माझ्या माहितीतील चार रुग्ण तेच औषध परस्पर विकत आणू लागले आहेत. त्यांतील एकाने येऊन तसे सांगितले व किंमत कमी पडते म्हणून आनंदही व्यक्त केला.

ती खरवडलेली डबी घेऊन मी आमच्या औषधालयाच्या मालकांकडे गेलो होतो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, ‘वैद्यराज, चिठ्ठी मी लावीत नाही, वितरकाकडून लावूनच येते.’ वितरकाचा क्रमांक त्यांनी दिला आहे. दोनदा दूरध्वनी केला. पुढच्या सोमवारी पुन्हा करणार आहे.